झाडाचं नाव पुढे करून माणसाला उठवू नका

उज्जैनकर मराठी बंधुभगिनींनो,

मागच्या उन्हाळ्यात आपल्या शहरातल्या एका बागेत कॉलेजच्या एका मुलानं दोन कडुलिंबांच्या मध्ये हॅमॉक बांधला. हॅमॉक म्हणजे कापडी झोळी आणि दोन टोकांना दोन पट्टे. भर दुपारी तो त्यात पुस्तक वाचत पडला होता. पहारेकरी आला आणि एका शब्दानंही न विचारता त्यानं विळ्यानं पट्टा कापला. मुलगा पाठीवर आपटला. कारण काय, तर "पेड़ को नुकसान होता है."

त्याच कडुलिंबाला खांद्याच्या उंचीवर चार खिळे ठोकून शिकवणी वर्गाची पाटी लावली होती. खिळ्यांभोवती डिंक सुकून काळा पडला होता. बुंध्याला लागून सिमेंट ओतलेलं, बोटभरही माती उघडी नाही. फांद्यांना गेल्या दिवाळीची लाइटची वायर तशीच करकचून आवळलेली. झाडाच्या कैवाऱ्यांना यातलं काहीच दिसलं नाही. दिसला तो आडवा झालेला माणूस.

पहारेकऱ्याशी आमचं भांडण नाही, तो सांगितलेलं काम करतो. सार्वजनिक जागेत माणसानं बसावं, चालावं, पैसे खर्च करावेत, पण आडवं मात्र होऊ नये, ही जी वृत्ती आहे, तिच्याशी आमचं भांडण आहे. हिच्यामुळेच बाकांच्या मधोमध लोखंडी दांडा येतो, हिच्यामुळेच फाटकावरच्या मनाईच्या पाटीत दरवर्षी एक ओळ वाढते. पाठ टेकणारा माणूस हिला आळशी, दारुडा किंवा चोर वाटतो. हे उघड बोलायची लाज वाटते, म्हणून झाडाचं नाव पुढे करायचं.

झाडाचंच बोलायचं तर हिशेबानं बोलू. पट्टे जमिनीशी तीस अंशांच्या कोनात असले, तर सत्तर किलोच्या माणसाचा प्रत्येक पट्ट्यावर सत्तर किलोच ताण येतो. पट्टा पाच सेंटिमीटर रुंद आणि खोड तीस सेंटिमीटर जाडीचं असेल, तर सालीवर दर चौरस सेंटिमीटरला एक किलोहूनही कमी दाब पडतो. तोच ताण सहा मिलिमीटरच्या नायलॉन दोरीनं दिला की दाब आठपट होतो, दोरी सालीत रुतते आणि सालीखालच्या जिवंत थराला इजा होते. खोड जाड होतं ते याच थरामुळे. म्हणून दोरीवर बंदी घाला, आमचा पाठिंबा आहे. रुंद पट्टा लावा म्हणा, कोवळं झाड आणि वाळकी फांदी टाळा म्हणा, घरटी असतील तिथे जाऊ नका म्हणा, वादळात उतरा म्हणा. हे सगळं एका पाटीवर मावतं. आणि खिळा? तो त्या जिवंत थराच्या आरपार जातो आणि तिथेच राहतो. पुण्यात लोकांनी स्वतः हातात पकडी घेऊन झाडांचे खिळे उपटले. दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा, असा आदेश 2013 साली राष्ट्रीय हरित लवादाला द्यावा लागला. झाडाचं प्रेम असलंच, तर ते तिथे दाखवा.

आणि झाडाला बांधणं या गावाला नवं आहे का? सिद्धवटाला सूत गुंडाळताना कुणी परवानगी मागितली? श्रावणात माळव्यातल्या कडुलिंबांना, चिंचांना झोके लागतात, आपल्या नागपंचमीलाही लागतात. मजुरीवर आलेली बाई आजही लुगड्याची झोळी फांदीला बांधून त्यात तान्हं बाळ ठेवते आणि दिवसभर ऊन झेलते. तिच्या झोळीनं कुठलं झाड वाळलं ते दाखवा.

आता पंचक्रोशी यात्रेकडे या. उत्तरेच्या पंचांगात वैशाख कृष्ण दशमी ते अमावास्या, आपल्या पंचांगात चैत्र वद्य. 118 किलोमीटरची वाट, डोक्यावर बोचकं, चाळिशीच्या वर गेलेला पारा. पिंगळेश्वर, करोहन, अंबोदिया, प्रत्येक पडावावर हजारो माणसं रात्री जमिनीवर अंग टाकतात. जमिनीवरच मण्यार फिरते. ती रात्री बाहेर पडते, झोपलेल्याला चावते, आणि दंश इतका बारीक असतो की पुष्कळदा तो कळतही नाही. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं अंदाजे बारा लाख माणसं मेली, म्हणजे वर्षाला सुमारे अठ्ठावन्न हजार. मृत्यू जास्त असलेल्या राज्यांत मध्य प्रदेश आहे. जमिनीपासून दोन हात वर टांगलेली, मच्छरदाणी लावलेली झोळी या माणसांना मिळाली, तर कुणाचं काय बिघडतं? पावसाळ्यात तर इथली काळी माती तंबूची खुंटीसुद्धा धरत नाही. तंबूला सपाट जमीन लागते, गवत दबतं, झुडपं छाटली जातात. झोळी सोडली की मागे उरतो तो फक्त दोन खोडांमधला वारा.

"हे परदेशी थेर आपल्याकडे कशाला?" हो, हॅमॉक अमेरिका खंडातला. 1492 साली कोलंबसानं तो तिथल्या बेटांवर पाहिला. बटाटा, टोमॅटो, मिरचीही तिथूनच आली. टावर चौकातल्या चौपाटीवर आलूटिक्की हाणताना ज्याला संस्कृती आठवत नाही, त्यानं झोळी पाहून ती आठवू नये.

"मुलंमुली नको ते करतील." ज्यांच्या मनात दोन तरुण दिसले की पहिली शंका हीच येते, त्यांच्या शंकेचा भार बागेनं का वाहावा? झोळी दिवसाउजेडी, चार लोकांच्या नजरेसमोर असते. गैरवर्तनाला कायदा आहे, तो वापरा. बाटली घेऊन येणारा तर सिमेंटच्या कट्ट्यावरही बसतो. त्याच्यासाठी आजवर कुणी कट्टे फोडले नाहीत.

"कुणी पडलं तर जबाबदार कोण?" बागेतल्या घसरगुंड्यांचे पत्रे फाटून वर आलेत, लेकरांचे पाय कापतात, तेव्हा हा प्रश्न कुठे जातो?

सिंहस्थ 2028 मध्ये आहे. त्याच्या नावानं रस्ते रुंद होतील, घाट बांधले जातील, झाडंही तुटतील. त्या मानानं आमचं मागणं अगदी लहान आहे. प्रत्येक मोठ्या बागेत जाड खोडांची काही झाडं झोळीसाठी नेमून द्या, पट्ट्याची रुंदी पाटीवर लिहा. पंचक्रोशीच्या पडावांवर जिथे झाडं नाहीत, तिथे जोडीजोडीनं पक्के खांब पुरा. खर्च नगण्य आहे.

मराठी घरं या गावात शिंद्यांच्या काळापासून आहेत. आपल्यातले कितीजण नर्मदा परिक्रमेला जातात, सह्याद्रीत भटकतात, उघड्यावर रात्र काढून आल्याचं अभिमानानं सांगतात. तीच माणसं आपल्या बागेत कुणी आडवा झालेला दिसला की नाक मुरडतात. ते थांबवा. बागेत जाल तेव्हा पाच सेंटिमीटरचा पट्टा न्या, दोरी नेऊ नका. कुणी हटकलं तर आवाज चढवू नका, कोणत्या नियमाखाली हटकता ते लेखी मागा. जे उत्तर मिळेल ते जपून ठेवा. आणि झाडात खिळा दिसला, तर त्याची लेखी तक्रार त्याच दिवशी करा.