आकडा क्युसेक्सचा, प्रश्न पातळीचा

गोदावरीला पूर आला की नाशिककर पाणी क्युसेक्समध्ये मोजत नाहीत. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, एवढे समजले की काठावरचा दुकानदार माल कधी हलवायचा ते ठरवतो. हेच पाणी नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यातून अहिल्यानगर जिल्ह्याकडे निघते, तेव्हा मात्र ते गावोगाव पोहोचते ते निव्वळ एक आकडा होऊन.

४ ऑगस्ट २०१९ रोजी या बंधाऱ्यातून अडीच लाख क्युसेक्सहून अधिक विसर्ग झाला. म्हणजे सेकंदाला सुमारे सत्तर लाख लिटर पाणी. पण ते कोपरगावात कोणत्या गल्लीपर्यंत चढणार, पुणतांब्याचा घाट केव्हा बुडणार, सराला बेटाची वाट कधी बंद होणार, याचे उत्तर त्या आकड्यात नव्हते. शेतकऱ्याला हवे असते ते हेच. मोटार काढायची असते, जनावरे सोडायची असतात.

वास्तविक गोदावरी ही वेळ देणारी नदी आहे. गंगापूर, दारणा, पालखेड या धरणांचे विसर्ग आधी कळतात. नांदूरमध्यमेश्वर हा बंधारा असल्याने मोठा पूर अडवून धरण्याची त्याची क्षमता नाही. वरून आलेले पाणी तो पुढे सोडतो. त्यामुळे खालच्या गावांना काही तासांची सवलत मिळते. केंद्रीय जल आयोग कोपरगावची पातळी मोजतो. अडचण आहे ती या पातळीचे गावच्या खुणांत भाषांतर होण्याची. आयोगाने २०२३ मध्ये आणलेले ‘फ्लडवॉच’ अ‍ॅप सुरू झाले तेही इंग्रजी आणि हिंदीत.

खाली नेवासे तालुक्यात तर गणित आणखी गुंतते. प्रवरासंगमाला नाथसागराचा फुगवटा पोहोचतो. जायकवाडी रिकामे असताना जो विसर्ग निमूट निघून जातो, तोच धरण भरलेले असताना काठावर चढतो. विसर्ग एकच, पातळी वेगळी. नुसत्या क्युसेक्सच्या भरवशावर राहणारे गाव येथे फसते.

यावरचा उपाय फारसा खर्चिक नाही. जुन्या पुरांची पातळी मंदिराच्या पायऱ्यांवर, पुलाच्या खांबांवर, शाळेच्या भिंतींवर रंगवावी आणि इशारा देताना ‘पाणी अमुक खुणेपर्यंत, अमुक वाजता’ असे सांगावे. त्यासाठी जलसंपदा विभाग, तहसीलदार आणि ग्रामपंचायत यांना पावसाळ्यापूर्वी एकत्र बसावे लागेल. पूर आल्यावर दवंडी देण्याची सवय मोडणे हेच अधिक कठीण.

मात्र हा उपाय साऱ्या जिल्ह्याला लागू नाही. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस पाथर्डी-शेवगाव भागात नंदिनी नदी एका रात्रीत गावांत शिरली. तिच्यावर वरच्या अंगाला विसर्ग कळवणारे मोठे धरण नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीतही याच पट्ट्याला तडाखा बसला. येथे पूर्वसूचना मिळायची तर ती गर्भगिरीच्या डोंगरातील पर्जन्यमापकांकडूनच, आणि तीही दिवसातून एकदा नव्हे, तासातासाला.