पाण्याआधी पाळी ठरवा

गिरणा नदीवरील मोठे धरण नांदगाव तालुक्यातच उभे आहे. १९६९ साली ते पूर्ण झाले. त्याच्या पाण्यावर मालेगाव शहराची तहान भागते आणि जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याकडील शेते भिजतात. नांदगावचा चढावरचा प्रदेश मात्र पावसाने डोळे वटारले की टँकरची वाट पाहतो. यात कोणाचे कपट नाही. पाणी उताराकडे धावते, आणि तालुक्याची बरीच जमीन धरणाच्या पातळीहून उंच आहे.

राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली नार-पार-गिरणा नदीजोड योजनेस मान्यता दिली. पश्चिमेकडे वाहून समुद्रास मिळणारे पाणी उचलून गिरणेच्या खोऱ्यात आणावयाचे, अशी ही योजना आहे. सात हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या या कामाने नांदगावकरांच्या आशा पालवल्या असतील, तर ते स्वाभाविकच होय. परंतु पाणी आले म्हणजे ते सर्वांस मिळाले असे होत नाही, हे आम्ही आजच सांगू इच्छितो.

याचा धडा घेण्यास दूर जावे लागत नाही. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर काही शतके फड पद्धती नांदली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागलेली असे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि पुढे ते पालटावयाचे. पाटाचे दार कोणा बागाईतदाराच्या हाती नसे. गावाने नेमलेला पाटकरी पाणी देई. पाऊस कमी झाला तर एखाद्याचे शेत सुकत नसे. गाव मिळून एक फड कमी भिजवी. टंचाई वाटून घेण्याची ही रीत ज्या गावाने पाळली, तेथे पाण्याबरोबर पंचायतही बळकट झाली. शेतीने समाज घडतो म्हणतात, त्याचा अर्थ आम्ही हाच समजतो.

जुनी रीत जशीच्या तशी परत येणार नाही. पण तिचे तत्त्व आजही चालते. याच जिल्ह्यात वाघाड धरणाच्या पाटाच्या शेवटी, ओझरच्या शेतांपर्यंत पाणी पोहोचत नव्हते. १९९० नंतर शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढल्या, पाणी मोजून घेतले, आणि शेवटच्या शेतालाही त्याचा वाटा मिळू लागला. अशा संस्थांना २००५ च्या कायद्याने भक्कम आधारही दिला आहे.

म्हणून नांदगावने दोन गोष्टी कराव्यात. नव्या पाण्यात चढावरच्या गावांचा वाटा किती, हे आताच शासनाकडून लेखी मागावे. आणि त्या वाट्याची पाळी कशी लावावयाची, पहिला मान पिण्याच्या पाण्याला की उसाला, हे गावोगावच्या ग्रामसभांनी आधीच ठरवावे. पाट वाहू लागल्यावर नियम करू म्हणणाऱ्या गावात नियम करणारा तोच असतो, ज्याचे शेत दाराशी असते.