कात्रजची भुयारी मेट्रो आणि स्थानकापर्यंतची वाट

पुण्याची भुयारी मेट्रो आता स्वारगेटहून दक्षिणेस कात्रजकडे जाणार आहे. ५.४६ किलोमीटरच्या या मार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. अपेक्षित खर्च २,९५४ कोटी रुपयांहून अधिक, आणि मुदत २०२९ ची. मूळ आराखड्यात तीनच स्थानके होती. बिबवेवाडी व बालाजीनगर ही आणखी दोन स्थानके राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजूर केली. या साऱ्या प्रकरणात आम्हांस हाच निर्णय सर्वांत मोलाचा वाटतो.

भुयारी स्थानक बांधणे अतिशय खर्चिक असते. एक स्थानक गाळले की कोट्यवधी रुपये वाचतात. परंतु ते अंतर मग प्रवाशाच्या पायांवर पडते. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालून नळ आणून शहरातील हौद भरले. वाटेत हौद नसते, तर पायाखालून वाहणाऱ्या पाण्याचा पेठकऱ्यांना काय उपयोग होता?

जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. मुठेच्या पात्राखालून आणि जुन्या वाड्यांखालून बोगदा नेणाऱ्या अभियंत्यांचे व कामगारांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. जिल्हा न्यायालयाचे स्थानक तर सुमारे ३३ मीटर खोल आहे. मात्र या कामासाठी काहींना घरे सोडावी लागली. न्यायालयाजवळच्या कामगार पुतळा वसाहतीतील कुटुंबे विमाननगर व हडपसर येथे हलविण्यात आली. विमाननगरला गेलेल्यांना मार्च २०२४ पासून रामवाडी स्थानक तरी जवळ आले. हडपसरचा मार्ग नोव्हेंबर २०२५ मध्ये कुठे केंद्राने मंजूर केला. ज्यांच्या घरांच्या जागी मेट्रो आली, त्यांतील काहींना तिच्यात बसण्यासाठी अजून वर्षानुवर्षे थांबावे लागेल. घरकाम करून संसार चालविणाऱ्या स्त्रीस लांबच्या बसप्रवासात गेलेला एक तास म्हणजे एका घरचे काम गमावणे होय.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात शहरी वाहतुकीचा प्रश्न मुद्दाम मांडला आहे. एकदोन माणसांसाठी धावणाऱ्या मोटारींऐवजी सार्वजनिक वाहनांस अग्रक्रम द्यावा, असे ते सुचवितात. पण गर्दी, अपुऱ्या फेऱ्या आणि असुरक्षितता यांमुळे त्या प्रवासात माणसाची अप्रतिष्ठा होते, हेही ते तितक्याच स्पष्टपणे सांगतात. मोटार घरी ठेवा, असे श्रद्धावंतांस सांगण्यापूर्वी दुसरे वाक्य विसरून चालणार नाही.

शनिवार-रविवारी मेट्रोच्या भाड्यात तीस टक्के सवलत मिळते. मिस्सेस जाणाऱ्या कुटुंबांस ती उपकारक आहे. परंतु स्वारगेटला उतरून क्वार्टर गेटच्या सिटी चर्चला जायचे तर पुढे बस किंवा रिक्षा आलीच, आणि पीएमपीचे किमान भाडे जून २०२५ पासून पाचाचे दहा रुपये झाले आहे. चौघांच्या कुटुंबास दुचाकीच स्वस्त वाटली, तर त्यांना दोष कसा द्यावा?

बालाजीनगर, बिबवेवाडी आणि कात्रज भागातील आपल्या कुटुंबांनी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात आताच विचारणा करावी, असे आम्ही सुचवितो. स्थानकाचे जिने कोठे उघडणार? तेथून वस्तीपर्यंत पदपथ असेल काय? वृद्धांसाठी उद्वाहक रस्त्याच्या दोन्ही बाजूंस मिळेल काय? खोदकाम पुढे गेल्यावर या गोष्टी बदलणे फार अवघड जाते.