कारीट आणि खांदा

नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट चिरडावयाचे, त्याचा कडू थेंब जिभेला लावावयाचा आणि मग फराळाला बसावयाचे, हा आमच्या घरचा जुना रिवाज. अंगण जाऊन गॅलरी आली, तरी तो टिकून आहे. तेव्हा दिवाळी अंकात मी एक कडू गोष्ट घेऊन बसलो, तर नेहमीच्या वाचकांनी रागावू नये.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. ताईचा मुलगा तेव्हा १५ वर्षांचा, शाळेच्या संघातला वेगवान गोलंदाज. गणपतीपासून त्याचा उजवा खांदा दुखत होता. "मामा, रात्री दुखण्यानं जाग येते," असे तो मला म्हणालाही होता. मराठी शिकवीत असलो तरी सर्व विषयांवर मत देण्याची मला खोड आहे. मी ऐटीत सांगून टाकले, "अरे, चेंडू टाकून टाकून खांदा भरून आलाय. आठ दिवस खेळू नकोस." आठाचे पंधरा झाले. ताईने शेक दिला, लेप दिला. मग कोणीतरी एक हाडवैद्य सुचविला, त्याने खांदा चांगला रगडून दिला. चतुर्दशीच्या पहाटे मुलाला तेल लावता लावता ताईचा हात एकदम थबकला. उजवा खांदा डाव्यापेक्षा भरलेला होता आणि हाताला गरम लागत होता.

एक्स-रे पाहून आमच्या डॉक्टरांनी फारसे काही न बोलता परळच्या टाटा रुग्णालयाची चिठ्ठी दिली. तेथे एमआरआय झाला, हाडाचा तुकडा काढून तपासला गेला आणि एक लांबलचक नाव कळले: ऑस्टिओसार्कोमा. त्यातला ग्रीक 'ऑस्टिऑन' म्हणजे आपल्या 'अस्थि' शब्दाचा सख्खा भाऊ. एरवी मी यावर वर्गात तासभर बोललो असतो.

हा हाडाचा कर्करोग मुळात दुर्मिळ. मुलांचे खांदे बहुधा खेळूनच दुखतात, तेव्हा कोणी उगाच धास्ती घेऊ नये. पण जेव्हा होतो, तेव्हा तो बहुधा अंगाने झपाट्याने वाढणाऱ्या मुलामुलींना, लांब हाडांच्या टोकाशी होतो; सर्वांत जास्त गुडघ्यापाशी, आणि त्यानंतर दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाशी, म्हणजे खांद्यात. विश्रांतीने न हटणारे, रात्री झोपेतून उठविणारे दुखणे आणि जोडीला सूज, ही त्याची खूण. (मोठ्या माणसांच्या हाडांत सापडणारा कर्करोग बहुतेक वेळा स्तन, फुप्फुस अशा दुसऱ्या ठिकाणाहून आलेला असतो. तो प्रकार निराळा.)

श्रावणात जिन्यावर पडला होता, तोच मार बाधला, असे ताई घोकत राहिली. मार लागल्याने हा रोग होत नाही, फक्त दुखऱ्या जागेकडे लक्ष जाते, असे डॉक्टरांनी तिला दोनदा समजाविले. पुढे माझ्या वाचनात आले, की १८९० साली अमेरिकेत एलिझाबेथ डॅशिएल या १७ वर्षांच्या मुलीचा हात आगगाडीच्या बैठकीत चेंगरला आणि दुखणे थांबेचना. न्यूयॉर्कच्या विल्यम कोली या शल्यविशारदाने तो कोपराखालून कापला. तरी १८९१ च्या जानेवारीत ती गेली. तिच्या आईनेही त्या बैठकीलाच बोल लावला असेल.

"हात राहील ना?" ताईने विचारले. "आधी मुलगा, मग हात," डॉक्टर म्हणाले. असे रोखठोक बोलणे त्या क्षणी मला निर्दय वाटले. १९७० च्या आधी खांद्यापासून हात काढूनही पाचांतले चार रुग्ण दगावत, कारण रोगाचे न दिसणारे कण आधीच फुप्फुसात पोचलेले असत. पुढे शस्त्रक्रियेला औषधांची जोड मिळाली. आता रोग दुसरीकडे पसरलेला दिसत नसेल, तर तिघांतले सुमारे दोघे वाचतात, आणि हातही बहुतेकदा राखता येतो. मात्र तपासणीसाठी तुकडा काढावयाचा तो पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्याच सल्ल्याने, कारण सुई गेली ती वाटसुद्धा नंतर कापून काढावी लागते. ही गोष्ट सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते. आमच्या घरात नव्हती.

आधी औषधे, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा औषधे. केस गेले, तोंड आले, शाळेचे वर्ष गेले. दंडाच्या हाडाचे वरचे टोक काढून तेथे धातूचा सांधा बसविला. कोपर चालते, बोटे चालतात, उजव्या हाताने तो लिहितो. हात खांद्याच्या वर मात्र जात नाही, म्हणजे गोलंदाजी संपली. अजून दर तीन महिन्यांनी छातीची तपासणी असते. त्या आठवड्यात ताई कोणाशी धड बोलत नाही, आणि मी माझे ते ऐटीतले वाक्य मनातल्या मनात पुन्हा ऐकत असतो.

यंदाचा आकाशकंदील त्यानेच केला आहे. कामट्या बांधल्या, कागद चिकटविला, झिरमिळ्या कापल्या. टांगावयाला मला स्टुलावर चढविले. "मामा, जरा डावीकडे. नाही हो, तुमच्या नाही, माझ्या डावीकडे," असे तो खालून ओरडत होता.