शिवीचा अर्थ

दिल्लीच्या आर. के. पुरम या सरकारी वसाहतीत, पश्चिम खंड ७ मध्ये, केंद्रीय हिंदी निदेशालय आणि १९६१ साली स्थापन झालेला वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग या दोन संस्थांनी वर्षानुवर्षे शब्द घडविले. आयोगाच्या लाखो संज्ञांपैकी किती लोकांच्या जिभेवर बसल्या, हे विचारणे असभ्यपणाचे ठरेल. दिल्लीच्या रस्त्यावर मात्र ‘पंगा’, ‘भसड’, ‘फट्टू’ हे शब्द कोणत्याही समितीच्या मान्यतेवाचून चालतात. फट्टू म्हणजे भित्रा. मराठीत ‘त्याची फाटली’ म्हणतात ते हेच. भीतीचे स्थान शरीराच्या कोणत्या भागी, याविषयी दोन्ही भाषांचे एकमत दिसते. तेथे वाढणाऱ्या मराठी मुलाला ‘जबाबदारी पेलणे’ हा आपला भारदस्त प्रयोग मित्रांत उच्चारण्याची चोरी, कारण तिथल्या बोलीत ‘पेलना’ला संभोगाचा अर्थ चिकटलेला आहे.

अशा शब्दांपाशी आला की आपला कोशकार एक तर वाट बदलतो, किंवा अर्थाच्या जागी ‘एक शिवी’ एवढेच लिहून मोकळा होतो. हा अर्थ नव्हे. हे दार लावून घेणे आहे.

‘रांड’ हा शब्द घ्या. त्याचा मूळ अर्थ विधवा. नवरा मेला एवढ्याच कारणाने स्त्री संशयास्पद ठरली आणि तिच्या अवस्थेचे नाव वेश्येचे नाव होऊन बसले. केशवपन केलेल्या विधवेची ‘बोडकी’ही अशीच शिवी झाली. ‘एक शिवी’ या दोन शब्दांनी हा सारा इतिहास पुसला जातो, आणि शिवी देणारा तेवढा निर्दोष सुटतो. उलट ‘च्यायला’ पाहा. ‘त्याच्या आईला’ एवढेच त्यात उरले आहे. क्रियापद गिळले गेले, म्हणून दिवाणखान्यात त्याला मज्जाव नाही. आपली सभ्यता पुष्कळदा एका क्रियापदापुरतीच असते.

असे शब्द नोंदविल्याने त्यांना प्रतिष्ठा मिळते, असा आक्षेप घेतला जातो. मोल्सवर्थ धर्मनिष्ठ ख्रिस्ती होता. तरी त्याच्या १८५७ च्या आवृत्तीत गुह्यांगांची नावे त्यांच्या वाक्प्रचारांसह आहेत. रोगाचे नाव ग्रंथात आले म्हणून रोगाला मान मिळत नाही. ‘ग्राम्य’ हा शेरा मात्र तपासून पाहावा. गावाने काय अपराध केला? शहरातील दलालाचा शब्दही कोशात ग्राम्यच ठरतो!

नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला, तेव्हा प्रस्तावनाकार विजय तेंडुलकरांनाही काही शब्दांचे अर्थ खुद्द कवीला विचारावे लागले. तेंडुलकरांना कवी भेटला. आजच्या विद्यार्थ्याने कोणाला विचारावे? ढसाळ २०१४ साली गेले. दलित साहित्य अभ्यासक्रमात लावायचे आणि त्याची भाषा कोशाबाहेर ठेवायची, हा व्यवहार अप्रामाणिक आहे.

न्यायाचाही प्रश्न आहे. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १४ मे २०१५ च्या निकालाने प्रकाशकाला मोकळे केले. कवीवरील अश्लीलतेच्या आरोपाची सुनावणी खालच्या न्यायालयावर सोपविली. सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. तेथे मराठी शब्द पोहोचतो तो भाषांतरातून. आणि भाषांतरकाराच्या हाती असतो तो आपलाच संकोची कोश. शब्द कोण, कोणाला, कोणत्या स्वरात म्हणतो, यावाचून त्यातील विनोद, प्रेम किंवा द्वेष ओळखायचा कसा?

ऑगस्ट २०२२ मध्ये विरोधी आमदारांनी मुंबईच्या विधानभवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’ अशी घोषणा दिली. खोके म्हणजे एक कोटी रुपये, पेटी म्हणजे एक लाख, हे महाराष्ट्रातील शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. पन्नास वर्षांनी त्या दिवसांची वृत्तपत्रे चाळणारा विद्यार्थी कोश उघडील, त्यात त्याला फळ्यांचे किंवा पुठ्ठ्याचे खोके सापडेल, आणि त्या पन्नास खोक्यांत कोणता माल होता याचा तो शोध घेत बसेल.