हबशी तालाचे ऋण

चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरून वेरूळ-अजिंठ्याकडे धाव घेणाऱ्या प्रवाशास, हे शहर १६१० च्या सुमारास खडकी या नावाने ज्याने वसविले, तो मलिक अंबर इथियोपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा पेशवा झालेला पुरुष होता, हे सहसा कोणी सांगत नाही. २०२६ साली त्याच्या निधनास चारशे वर्षे पूर्ण होतात. म्हणून हा अंक आम्ही आफ्रिकी संगीतास वाहिला आहे.

त्याची नहर, जमाबंदी, भातवडीचे रण यांविषयी विपुल लेखन झाले. परंतु अरबी समुद्र ओलांडून आलेल्या माणसांनी आपल्याबरोबर कोणता ताल आणला, हा प्रश्न आम्हांस अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. गुजरातेत रतनपूरच्या बावा गोर दर्ग्यावर सिद्दी मंडळी आजही मुगरमान हा पायांचा उंच ढोल बडवितात, भोपळा बांधलेल्या धनुष्याकृती मलुंग्याची तार छेडतात, आणि त्या वादन-नर्तनास गोमा म्हणतात. स्वाहिली भाषेत ढोलास न्गोमा म्हणतात, हे साम्य आकस्मिक नव्हे.

या शहरात आफ्रिकी संगीताचा एक संपूर्ण सप्ताह भरावा, त्यात पहिला मान सिद्दी कलावंतांचा असावा, आणि येथे शिकणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्यांस केवळ श्रोते म्हणून नव्हे, तर यजमान म्हणून बोलवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्या वाचकांच्या घरच्या दफ्तरांत हबशी शिपायांच्या वा वादकांच्या नोंदी असतील, त्यांनी त्यांच्या नकला आमच्याकडे अवश्य धाडाव्यात.