बंब सोमेश्वरी!

'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण मी वर्गात किती वर्षं शिकवली, त्याची गणती नाही. दुखणं एकीकडे आणि इलाज भलतीकडे, की आपण हसतो. पण मंडळी, गेली काही दशकं डॉक्टर लोक हा सोमेश्वरचा बंब अगदी गंभीरपणे तपासून पाहत आहेत. इलाज असा: दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधायचा, पारा २०० पर्यंत चढवून पाच मिनिटं हाताचा रक्तपुरवठा थांबवायचा, पाच मिनिटं सोडायचा, आणि असं तीन-चार वेळा करायचं. हाताला थोडा त्रास द्यायचा, म्हणजे तिकडे हृदय किंवा मेंदू मोठ्या संकटाला तोंड द्यायला तयार होतो, अशी ही कल्पना.

हे थोतांड नव्हे. १९८६ साली अमेरिकेत कुत्र्यांवर प्रयोग झाले. हृदयाची रक्तवाहिनी आधी थोडा थोडा वेळ बंद ठेवली, तर नंतरच्या मोठ्या अडथळ्यात हृदयाचं नुकसान बरंच कमी झालं. १९९३ मध्ये दिसलं की एका वाहिनीला दिलेला त्रास हृदयाच्या दुसऱ्या भागालाही वाचवतो. पुढे हातापायापर्यंत मजल गेली. हा निरोप मज्जातंतूंतून आणि रक्तातून पोचतो असं मानतात, पण निरोप्या नेमका कोण, ते अजून पक्कं ठरलेलं नाही. २०१० मध्ये डेन्मार्कात रुग्णवाहिकेतच पट्टा बांधला, तेव्हा हृदयाचा जास्त भाग वाचलेला दिसला.

आता दुसरी बाजू. २०१५ मध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, फायदा दिसला नाही. २०१९ मध्ये झटका येऊन अँजिओप्लास्टी झालेल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांवर चाचणी झाली. वर्षभरानंतर मृत्यू आणि हृदय निकामी होणं यांत फरक नाही! पक्षाघाताचंही तसंच. २०२२ मध्ये चीनमधल्या चाचणीत पट्टा बांधलेल्यांपैकी ६७.४ टक्के चांगले सावरले, न बांधलेल्यांपैकी ६२ टक्के. पण तिथे पट्टा कोणाला बांधलाय हे रुग्णांना ठाऊक होतं. पुढच्याच वर्षी डेन्मार्कात खोटा पट्टा बांधून तुलना केली, तेव्हा फायदा सापडला नाही.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आमच्या बोनकोड्यात आता घरोघरी रक्तदाबाचं यंत्र आहे आणि मोबाइलवर फुकटचे वैद्यही आहेत. 'दंड आवळा, हृदय सांभाळा' असं वाचून कुणी दोरी बांधून बसेल, ही माझी भीती खोटी नाही. घरचं यंत्र हवा धरून ठेवत नाही, आपोआप सोडतं. मग माणूस दोरीकडे वळतो. साप चावल्यावर करकचून दोरी बांधू नका, हात जायचा, असं आता सगळेच डॉक्टर सांगतात. तीच दोरी मागच्या दाराने घरात घेऊ नका. छातीत दुखू लागलं तर पट्टा शोधू नका, १०८ ला फोन करा. तिथे एकेक मिनिट मोलाचं असतं.

मग हा विषय मोडीत काढायचा का? माझं मत, नाही. पट्ट्याला पैसे फारसे पडत नाहीत, म्हणून कंपन्यांना त्यात रस नाही. अशा स्वस्त इलाजाची पारख सरकारी रुग्णालयांनीच करायला हवी. परदेशातल्या त्या रुग्णांना वेळेवर अँजिओप्लास्टी मिळाली होती. आपल्या खेड्यातला माणूस कित्येकदा उशिरा पोचतो आणि गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनवर भागवतो. त्याचा प्रश्न वेगळा आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरून पाहिलं, नोंदी ठेवल्या, जगापुढे मांडल्या, आणि कोकणातली कितीतरी माणसं वाचली. इलाज स्वस्त होता म्हणून तो खरा ठरला नाही, तपासला म्हणून ठरला.

उत्तर 'नाही' आलं तरी ते उत्तरच असतं. गणितात शून्य आलं म्हणून आम्ही कधी मुलांचे गुण कापले नाहीत. रीत बरोबर असली की झालं. असो. तोवर पट्टा रक्तदाब मोजायलाच वापरा, आणि गोळी वेळेवर घ्या.